देवाकडे पाठ केलेला अँटेना

दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत 'गावोगावी इंटरनेट' हे पुढाऱ्यांच्या तोंडात पानासारखं असायचं. चघळायचं, रंग चढला की थुंकायचं. मी भोरमध्ये कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो आणि शिडीवर चढायला घाबरत नव्हतो, एवढ्यावर वायरलेसची कामं माझ्या गळ्यात पडली. लोक मला इंजिनेर म्हणायचे. मी नव्हतो, पण फुकटचा मान कोण सोडतो?

वेल्ह्याकडच्या एका गावात समाजमंदिराच्या गच्चीवर अँटेना बसवायचा होता. लोखंडी खांब, त्यावर जाळीचा अँटेना, आणि त्याचं तोंड थेट समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे. जरा तिरका झाला की संपलं. मग खाली कॉम्प्युटरला आयपी ॲड्रेस द्यायचा, म्हणजे घराचा नंबर. गेटवे सांगायचा, म्हणजे बाहेर पडायची वेस. शेवटी पिंग करायचं, म्हणजे "आहे का कुणी?" अशी हाक मारायची आणि पलीकडून ओ येते का बघायचं. गुरुवारी सगळं झालं, ओ आली, मी खूश.

माझ्याहून खूश होती शेजारच्या घरातली मावशी. तिचा एकुलता एक मुलगा दुबईला क्रेन चालवायचा. कित्येक वर्षं घरी आला नव्हता. "फोनवर आवाज येतो रं, पर तोंड कुठं दिसतंय?" म्हणायची. शुक्रवारी त्याला सुट्टी. दुपारी तो तिकडे सायबर कॅफेत कॅमेऱ्यासमोर बसणार, ही इकडे बसणार, असं ठरलं होतं. उद्घाटनही नेमकं त्याच दिवशी.

शुक्रवारी पोचलो तर मांडव होता, हार होते, लाऊडस्पीकर होता. फक्त इंटरनेट नव्हतं. पिंग केलं, ओ नाही. वायर तपासली, आयपी तपासला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आमच्या धंद्यातला रामबाण उपाय तो. काही नाही! शेवटी गच्चीवर गेलो आणि कपाळावर हात मारला. अँटेना टॉवरकडे पाठ करून देवळाच्या कळसाकडे बघत होता. वर गळ्यात झेंडूचा हार.

"हे कुणी केलं?" मी वरूनच ओरडलो.

"आमीच!" सरपंच खालून अभिमानाने म्हणाले. "तुमी देवाकडं पाठ करून बसवला व्हता. एवढं शिकलात, पर येवढी रीत कळंना व्हय? सकाळीच ट्रॅक्टरचा पाना आणून फिरवला."

"अहो, त्याला टॉवर दिसायला पाहिजे!"

"देव दिसतोय की. आता पाव्हणं येत्यात, हात लावू नगा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तेवढ्यात पाहुणे आलेच. जग तुमच्या उंबऱ्यापाशी आलंय, असं त्यांनी पुष्कळ वेळ सांगितलं. फीत कापली, माउस हलवला. पडद्यावरचा बाण हलला. टाळ्यांचा कडकडाट!

"हेच का इंटरनेट?" पाहुण्यांनी विचारलं.

"व्हय साहेब," सरपंच म्हणाले. मी तोंड उघडलं, तर कुणीतरी त्यात पेढा कोंबला.

पाहुणे जेवायला गेले, मागोमाग सरपंच आणि गावही गेलं. मावशी मात्र नवं लुगडं नेसून कॉम्प्युटरसमोर बसून होती. सकाळपासून तिथेच. "आता लाव की रं बाबा. त्यो खोळंबला आसंल."

मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती उठली, देवळात गेली, आत काय बोलली देव जाणे. बाहेर येऊन म्हणाली, "फिरव. पाप लागलं तर माझ्या माथी."

हार काढला, पाना लावला, फिरवला. खाली येऊन पिंग केलं. ओ आली. थोड्या वेळाने पडद्यावर चौकोनाचौकोनांतून एक चेहरा जमत गेला. मावशी पदराने काच पुसायला लागली. "लई वाळलास रं," एवढंच म्हणाली, आणि हसत हसत रडायला लागली. मला तिथे बसवेना, मी बाहेर गेलो.

संध्याकाळी मी भोरला निघालो, तेव्हा सरपंच पाना घेऊन शिडी चढत होते. अँटेना पुन्हा देवाकडे! माझी मेहनत गेली चुलीत, म्हणत मी शिव्या घालत घरी आलो.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामाला त्या बाजूला गेलो होतो. शुक्रवारची दुपार होती. बघतो तर सरपंच स्वतः गच्चीवर, आणि अँटेनाचं तोंड टॉवरकडे. नेमका कुठवर फिरवायचा, त्याची खांबावर शेंदराने खूण केलेली. खाली शिडी धरून मावशी.

"काय सरपंच, शुक्रवारी देवाकडं पाठ चालते वाटतं?" मी टोमणा मारला.

"मला काय इचारता? हिलाच इचारा," ते वैतागून म्हणाले. "दर शुक्रवारी दारात येऊन बसती. सांजच्याला परत देवाकडं करतो मी."

मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचं लक्ष वर, खुणेकडे.

"देव रोजच हितं असतोय," ती म्हणाली. "माझा पोरगा शुक्रवारचाच असतो."