आधी कौतुक, मग तक्रार

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना कुणी चांगलं वागलं की ते चारचौघांत बोलून दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी अख्ख्या जिन्याला कळायचं. या स्वभावापायी त्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एकदाच, आणि ते पोटच्या पोरावर बेतलं.

घराच्या पुढच्या खोलीत त्या सहा-सात मुलं सांभाळायच्या. त्यांत एका पोलीसबाईची मुलगी होती. समोरचे दात पडल्यापासून फटीतून शिट्टी वाजवून ती बाकीच्या पोरांची रहदारी अडवायची. तिची आई जवळच्याच ठाण्यात शिपाई. ड्यूटी लांबली की मुलगी जेवूनखाऊन मावशींच्या मांडीवर झोपून जायची.

मावशींचा मुलगा वायरमन. एका संध्याकाळी चौकात फौजदाराने त्याची स्कूटर अडवली, शब्दाने शब्द वाढला, आणि त्याला ठाण्याच्या मागच्या खोलीत नेऊन फौजदाराने अशा काही कानाखाली काढल्या की कानातून रक्त आलं. पुन्हा उगारलेला हात त्या पोलीसबाईने धरला. “साहेब, पुरे,” म्हणाली, पोराला पाणी पाजलं आणि स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. घरी येऊन मुलाने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की पोलिसांच्या कागदावर भलतंच आहे. म्हणे मुलानेच फौजदारावर हात टाकला आणि झटापटीत पडून त्याला लागलं. हे खरं ठरलं तर पोरगा तुरुंगात जाणार. आणि त्या खोलीत दोघांशिवाय तिसरं माणूस एकच होतं.

पोलिसांच्या मोठ्या कचेरीत एका खिडकीवर तक्रारही घेत आणि कौतुकही. मावशींचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. ते म्हणाले, “आधी फौजदाराची तक्रार टाक.”

“नुसती तक्रार घेऊन गेलं की भांडकुदळ म्हणतात. चांगल्याला आधी चांगलं म्हणावं, मग आपल्या शब्दाला वजन येतं.”

“तीस वर्षांत माझं कधी तोंडी केलं नाहीस, आणि हिचं लेखी?”

“तुम्ही काही तरी करून दाखवा, मग बघू!”

शिवाय कानाचा दाखला डॉक्टर दोन दिवसांनी देणार होते. तोवर हे एक काम उरकून टाकू, असा मावशींचा हिशेब.

खिडकीतला कारकून कौतुक म्हटल्यावर खुर्चीत ताठ बसला. “कौतुक? या, या! इथं सगळे शिव्याच घेऊन येतात हो.” त्याने खुलासाही केला. तक्रार चौकशीला जाते, ती बंद लिफाफ्यात. कौतुक मात्र थेट ठाण्यात जातं आणि सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. मावशींना भरून आलं. काही राहायला नको म्हणून त्यांनी सगळं लिहिलं. उगारलेला हातसुद्धा.

आणि ते वाचलं गेलं. सगळ्या ठाण्यासमोर. फौजदार पहिल्या रांगेत उभा होता.

त्या संध्याकाळी पोलीसबाई मुलीला न्यायला आली ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

“मावशी, काय केलंत हे?”

“अगं, वाचलं का? काय म्हणाले सगळे?”

“टाळ्या वाजवल्या. फौजदारसाहेबांनी सगळ्यांत जोरात. मग आत बोलावून विचारलं, लांबच्या चौकीवर जायचंय का. तिथे बस दिवसातून एकदा जाते. मी हिला घेऊन कुठं जाऊ?” तिचा आवाज चिरकला. “मी तुमच्या तक्रारीत साक्ष देणारच होते हो. पण गुपचूप, चौकशीवाल्या साहेबांसमोर. तोवर कुणाला पत्ता लागला नसता. मागे घ्या ते कौतुक.”

मावशी तशाच उठून खिडकीवर गेल्या. कारकून आवराआवर करत होता. “तक्रार मागे घेता येते, बाई. कौतुक मागे घ्यायला अजून तरी कुणी आलेलं नाही. पाठवू कुठं मी ते?”

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी यायची बंद झाली. मावशींनी दाखल्यासकट तक्रार दिली. पोरगा कामावर जायचा, पण वाट वाकडी करून. फौजदाराचा चौक टाळून.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी पोलीसबाईला विचारलं, “तुम्ही काय पाहिलं?”

ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, “मुलाला चक्कर आली. मी पाणी दिलं. दवाखान्यात नेलं. तेवढंच, सर.”

“या बाईंनी लिहिलंय की तुम्ही फौजदारांचा हात धरलात.”

“नाही, सर.”

साहेब मावशींकडे वळले. “तुम्ही स्वतः पाहिलं होतं?”

“मी कशी पाहणार? मुलाने सांगितलं.”

“म्हणजे ऐकीव.”

मावशी खुर्चीवरून उठल्याच. “मग रक्त कसं आलं ते विचारा ना तिला! चक्कर आल्यावर कानातून रक्त येतं का? अगं, तुझी पोर मी मांडीवर निजवली गं! माझं पोर आत जाईल! सांग ना, तूच धरलास ना त्याचा हात?”

पोलीसबाई रडायला लागली. पण मान हलली ती नकारातच.

साहेबांनी मावशींना बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि नवा कागद घेतला. “या खोटं बोलतायत असं तुमचं म्हणणं असेल, तर त्यांच्याविरुद्धही तक्रार देता येईल. द्यायची आहे?”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. गणवेशाची बाही डोळ्यांवर दाबून ती उभी होती. ‘हो’ म्हटलं तर कदाचित ती घाबरून खरं बोलेल. नाहीतर आणखी पक्की होईल. शब्द जिभेवर आला होता.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “तिची तक्रार नाही.”

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. फौजदाराविरुद्धच्या तक्रारीवर ‘साक्षीदार नाही’ असं लिहून सही केली.

बाहेर यजमान आणि मुलगा बाकावरून एकदमच उठले. मुलाने विचारलं, “बोलली का ती?”

मावशींनी त्याचं मनगट पकडलं आणि जिन्याकडे चालू लागल्या. “वकील बघायला हवा,” त्या म्हणाल्या. “आजच.”