मोडून काढावी लागलेली कबुली

ती घटना मी आजही विसरलेलो नाही, कारण तिच्यात माणूस स्वतःच्याच विरोधात ठाम उभा होता.

तेव्हा मी औरंगाबादच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीतल्या तुरुंगाकडून चौकशीसाठी पत्र आलं. सुतारखान्यातल्या गोल करवतीवर शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याची उजव्या हाताची बोटं तुटली होती. आपण मुद्दाम हात घातला, असा जबाब त्यानं स्वतःच दिला होता. कामावर जखमी झालेल्या कैद्याला भरपाई मिळू शकत होती. स्वतः करून घेतलेल्या इजेला मात्र नाही.

सरकारी दवाखान्यात मी त्याला भेटलो. खुलताबादचा, पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला माणूस. कामाचा कंटाळा आला म्हणून हात घातला, एवढंच तो सांगत राहिला. इकडे वॉर्डर सांगत होते की सुतारखान्यात सगळ्यात आधी हाच हजर असतो. भरपाई जाईल, असं बजावलं, तरी तो बधला नाही. मला नवल वाटलं. खोटं बोलून सुटू पाहणारे रोज भेटायचे, हा खोटं बोलून बुडायला निघाला होता.

त्याच आठवड्यात त्याच तुरुंगातून पॅरोलवर आलेला एक कैदी हजेरी द्यायला ठाण्यात आला. जाता जाता हळूच म्हणाला, "साहेब, तवा लाइट गेलती. माझं नाव घेऊ नका."

मी सुतारखाना गाठला. मशीनचं बटण दाराजवळच्या भिंतीवर होतं, करवतीपासून बरंच लांब. वीज कार्यालयात विचारलं, तर त्या दुपारी वीज गेली होती हे खरं निघालं. बंद करवतीत मुद्दाम कोण हात घालील? अडकलेली ढलपी काढतानाच वीज परत आली असणार. पण वीज गेल्यावर बटण बंद करायला हवं होतं, मग ते चालू कसं राहिलं?

पुन्हा दवाखान्यात गेलो आणि त्याला विचारलं, "बटणापाशी कोण होतं?"

वीज गेल्याचं मला कळलंय, हे त्यानं ओळखलं. मग म्हणाला, "वेरूळचा गडी. इसरला बिचारा. त्याची सुटका जवळ आलीय, साहेब. हे कळलं तर शिक्षेत मिळालेली माफी कापतील. मला टायफॉइड झालता तवा त्यानंच मला भरवलं. माझी मुलाकात घ्यायला कुणी येत नाय, त्याच्याकडं दर खेपेला बायको येती."

वेरूळच्या माणसाला बोलावलं, तर प्रश्न पुरा होण्याआधीच तो रडू लागला. बटण बंद करायचं राहिलं, हे त्यानं लगेच सांगितलं. आपला मित्र आपल्यासाठी काय सांगतोय, याची त्याला कल्पनाही नव्हती.

मशीनवर देखरेख ठेवणं सुतारकाम शिकवायला नेमलेल्या निदेशकाचं काम होतं आणि तो त्या वेळी जागेवर नव्हता. हा अपघात आहे, कैद्यांचा गुन्हा नाही, असा अहवाल मी पाठवला. वरच्या चौकशीतही तेच ठरलं. भरपाई मंजूर व्हायला बराच काळ गेला, पण झाली.

नोकरीत मी असंख्य कबुल्या मिळवल्या. ही एकच मोडून काढावी लागली. माणूस कबूल झाला की तपास संपला, असं समजू नये, हे मी तिथं शिकलो. तो कुणासाठी कबूल झाला, हेही विचारावं लागतं.

सुधारित जबाब त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्यानं भरपाईचं काहीच विचारलं नाही. "त्याची माफी गेली का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.