बेंबी बसवणारीनं हात मागं घेतला

आमच्या गोरेगावात बेंबी सरकली की माणूस दवाखान्यात न्हाई, चंद्रभागाबाईकडं जातं. तेलाचा हात, अंगठ्याचा दाब, अन् बसलीच जाग्यावर! बदल्यात एक नारळ. म्हातारीचा तोरा असा, की सरपंचालाबी "गप पड खाली" म्हणंल.

मी हनुमान, हिंगोलीची जीप चालवतो. मागच्या महिन्यात एका मंगळवारी माझी बायको सत्यशीला सकाळपासून पोट धरून बसली. दुपारी नेली चंद्रभागामावशीकडं.

मावशीनं तेलात बोटं बुडवली अन् इचारलं, "सकाळी कुठं दुखत व्हतं, माय?"

"बेंबीपाशी."

"अन् आता?"

सत्यशीलानं बोट ठेवलं ते उजवीकडं, पार खाली.

"आधी उलटी, का आधी दुखणं?"

"दुखणं. मग उलटी. भाकरीचं नावबी नको वाटतंय."

"खोक बरं."

सत्यशीला खोकली अन् तीच जागा धरून वाकली. मावशीनं बोटं लुगड्याला पुसली. "मी हात लावत न्हाई. आत्ताच्या आत्ता हिंगोलीला ने."

माझं डोस्कं सणकलं. "काहून? गावाच्या बेंब्या बसवतीस, माझ्याच बायकोची जड झाली व्हय?"

"आरं येड्या, सरकलेली बेंबी बेंबीपाशीच दुखती. हे दुखणं उजवीकडं उतरलंय. अपेंडिक्स हाय हे. मी दाबलं अन् आत फुटलं, तर दुसरी सत्यशीला कुठून आणशील? घोटभर पाणीबी पाजू नको. निघ!"

पाशिंजरांनी भरलेली जीप रिकामी केली अन् निघालो. मनात म्हणलं, म्हातारीचे हात थकले, म्हणून बहाणे करून राहिली. पण पहिल्याच गतिरोधकावर सत्यशीला किंचाळली. दुसऱ्यावर तिनं माझा दंड आवळला. ह्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ, अन् त्या दिवशी एकूणएक तिच्या उजव्या कुशीतच बसला. तवा पटलं. भ्यालो व्हतो, खोटं काहून बोलू?

दिवस मावळायच्या आत ऑपरेशन झालं. फुटायच्या बेतातच व्हतं, डॉक्टर म्हणले.

टाके निघाल्यावर दोघं मावशीकडं गेलो. नारळ पुढं केला तर म्हातारी फणकारली, "मी बेंबी बसवली का? हातच लावला न्हाई, मग नारळ कशाचा?"

"त्याचाच, मावशी," सत्यशीला म्हणली. "हात लावला न्हाई, त्याचाच."