माईकवरचा पदर

१७ एप्रिल. केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही, म्हणून जुनी रेकॉर्डिंग पुसायला बसले. ‘बाळाक्का, जत’ ही फाईल उघडली. बोलता बोलता मध्येच कापडाची सळसळ होते, मग काहीच नाही. तो बाळाक्काचा पदर. अंगणातून कुणी पुरुष गेला की ती माईकवर पदर टाकायची आणि तो लांब गेला की अर्ध्या वाक्यापासून पुढे सुरू व्हायची.

आमचं सांगलीचं लहानसं रेडिओ केंद्र. बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावं, आईचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकू नये, यावर मी बरेच भाग केले होते. ते ऐकतं कोण, हे बघायला जत तालुक्यात गेले तेव्हा ही सत्तरीची धनगरीण भेटली. तिनं एक भाग शांतपणे ऐकला आणि विचारलं, “हे कुणाला सांगतीस? सुनंला? सुनंचं चालतंय व्हय घरात?” सासरा ओसरीवर बसलेला असताना कोणती सून हे लावेल, असंही तिनं वर विचारलं.

पूर्वी गावातली बाळंतपणं तीच करायची. प्रत्येकीला तिनं चीक पिळून टाकायला लावला होता आणि बाळाला तीन दिवस गूळपाणी. तेच तिची सून कोंडाबाई शिकली होती. आता नातसून सुमनचे दिवस भरत आले होते आणि कोंडाबाईनं बाळाला चाटवायला मधाची बाटली आणून ठेवली होती.

“मीच शिकवलंय तिला. आता कुठल्या तोंडानं सांगू?” असं म्हणून तिनं माझा माईक स्वतःकडे ओढला. “ह्यातनं सांगते.”

अट एकच. हे टँकरवर वाजलं पाहिजे. पाण्याला सगळ्या बायका एकत्र असतात, सासवासुद्धा, आणि नंबर सोडून कुणी जात नाही. मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मी ड्रायव्हरला गाठलं, त्याच्या स्पीकरला फोन जोडला. हंडे भरत असताना बाळाक्काचा आवाज सुरू झाला. आधी सगळं मेंढरांचंच. बायका हसत होत्या, हिला कुणी रेडिओवर घेतलं म्हणून. मग ती म्हणाली, “कोकरू पडलं की पयला चीक त्याच्या तोंडात घालतोय आमी. मेंढीचा चीक कवा सांडला न्हाई. लेकीसुनांचा मातर मातीत पिळला. मीच पिळाय लावला. चुकलं माजं.”

कोंडाबाईनं भरलेला हंडा खाली ठेवला. सगळ्यांसमोर, रांगेत उभ्या सासूला म्हणाली, “आत्या, घरात बोलाय तोंड न्हवतं व्हय?”

“न्हवतं,” बाळाक्का म्हणाली.

आठवडा झाला तरी दोघींचा अबोला चालूच होता. सुमन जतच्या दवाखान्यात बाळंत झाली तेव्हाही तो सुटला नव्हता. मी निरोप मिळाल्यावर गेले होते. कोंडाबाईनं पिशवीतून मधाची बाटली काढली. पण तिनं ती सासूच्या हातात दिली, बाळ सुमनच्या छातीशी धरलं आणि म्हणाली, “पाज.” बाळाक्का बाटली घेऊन बाहेर आली, पायरीवर बसली आणि बोटानं मध चाटत राहिली. मला म्हणाली, “माजं न्हाई ऐकलं तिनं. टँकरचं ऐकलं.”

गेल्या महिन्यात बाळाक्का गेली. फोन कोंडाबाईचाच होता. शेजारच्या वाड्यांतल्या पोरी आता आपल्याला विचारायला येतात, म्हातारीचं काम आपल्यावर आलंय, असं ती तक्रारीच्या सुरात सांगत होती.

फाईल पुसली नाही.

१८ एप्रिल. सकाळच्या पहिल्या एसटीनं जतला गेले. कोंडाबाईला बसवलं, समोर माईक धरला. ती सुमनच्या वेळचं सांगायला लागली तेवढ्यात तिचा दीर मेंढरं घेऊन अंगणातून निघाला. बोलणं न थांबवता तिचा हात खांद्याकडे गेला आणि माझ्या माईकवर पदर पडला.