लॅमिनेशन केलेलं इन्स्टॉलेशन
लॅमिनेशनच्या तापल्या प्लास्टिकचा वास आला की मला अहमदपूरची ती कार्यशाळा आठवते आणि अजून डोकं फिरतं. तालुक्यातल्या शिक्षिकांना मी कोडिंग शिकवणार होतो. आठवडाभर आधी ग्रुपवर टाकलं होतं, ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉल करूनच या.’ वर तीनदा आठवणही करून दिली. सकाळी शाळेत, कूलरच्या घरघरीत सगळ्यांनी लॅपटॉप उघडले, तर एकातही सॉफ्टवेअर नाही! मी चिडून विचारलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी पर्समधून लॅमिनेशन केलेला कागद काढला. त्यावर ‘इन्स्टॉल झाले’ अशा स्क्रीनची रंगीत प्रिंट. “केलंय की सर! ऑनलाइन फॉर्म भरतो ना, त्याच सेंटरवर, त्यांच्या कम्प्युटरवर. घरी नेट न्हाई.” मागून बाकीच्यांनीही तसेच कागद वर केले. मी कपाळावर हात मारला. “अहो, तुमच्या लॅपटॉपवर करायचं होतं!” “मग तसं लिहायचं की, सर,” बाई शांतपणे म्हणाल्या. मी फोन काढून माझा मेसेज वाचला. खरंच, कुठंच लिहिलं नव्हतं. आता सूचनांची पहिली ओळ ‘स्वतःच्या लॅपटॉपवर’ हीच असते, आणि तरीही वर्गात शिरताना मी आधी सगळ्यांच्या हातात लॅमिनेशनचा कागद नाही ना, ते बघतो.