कुसुमकाकूंनी धरलेली रांग

कारखान्याच्या हॉस्पिटलात गल्लीतल्या कुणालाही जायचं असलं, की शेजारच्या कुसुमकाकू त्याचं मेडिकल बुक घेऊन सकाळी सहालाच रांगेत उभ्या असत. पेशंट आठला पोचे. मग काकू त्याच्यासोबत आतही जात आणि तो आढेवेढे घेऊ लागला की म्हणत, "डॉक्टरपासून लपवाचं होतं त मले कावून उभं केलं बाप्पा?"

अशी बाई. म्हणूनच अजून राग येतो.

पाळी कायमची थांबली तेव्हा काकूंनी शेजारणींना पेढे वाटले होते. "सुटली मी! आता लोणच्याले बाराही महिने हात लावीन." दोन उन्हाळे त्यांनी गल्लीभर लोणचं पुरवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी कैऱ्या घेऊन गेले, तर दाराशीच म्हणाल्या, "तूच फोड वो. मी बाहेरची आहो."

मी शाळेत ग्रंथपाल; वाचलेलं होतं. पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग दिसला तरी डॉक्टरला दाखवायचं, हे सांगितलं. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही, हेही सांगितलं. काकू खळखळून हसल्या. "जवानी वापस येऊन राहिली, अन् तू तिले हकालून राहिली!"

मग पुतण्याचं लग्न, मग गणपती, मग दिवाळीचा फराळ. मी विचारी; त्या म्हणत, "थोडंसंच त आहे." हात धरून न्यायचं सोडून मी पुन्हा समजावत बसे.

होळीनंतर चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठे हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून? काकू म्हणाल्या, "झाला असंल महिना." मी म्हटलं, "दहा महिने." घरी ऑटोतून उतरताना म्हणाल्या, "चारचौघात कावून सांगितलं?" आत आम्ही तिघीच होतो.

गर्भाशयाचा कॅन्सर पसरला होता. लवकर आल्या असत्या तर बरं होण्याची शक्यता होती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढच्या दिवाळीआधी काकू गेल्या.

परवा आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या खुर्सीपार वस्तीतल्या शांताबाई लाटता लाटता म्हणाल्या, "तीन वर्षानं परत दिसलं ताई. गर्मीनं असंल."

मी काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला सरकारी दवाखान्यात जाऊन उभी राहिले. मग फोन केला. "शांताबाई, चौथा नंबर आहे. निघा."