इंजिनिअर मुलीचा अंगठा

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांवर चिडलो. स्वतःच्या सहीवर चिडायची वेळ एकदाच आली, आणि तो दिवस अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तेव्हा मी नगर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. खराडीत ज्वारीच्या रानांतून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. सकाळी नऊच्या सुमारास गळ्यात ओळखपत्र अडकवलेली शेकडो मुलंमुली दुचाकीवरून तिकडे निघायची, आणि त्याच रस्त्यानं मार्केट यार्डात माल उतरवलेले ट्रक परत जायचे. त्या वेळेत जड वाहनांना बंदी होती. बंदीचा फलक होता आणि फलकाखालून ट्रक जात होते. यात आमचं खातं मोडतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

अशाच एका सकाळी सिग्नलला थांबलेल्या स्कूटरला मागून ट्रकनं धडक दिली. स्कूटरवर तेवीस वर्षांची मुलगी होती. इंजिनिअर, नोकरीला लागून चार महिने झालेले. तिच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. ट्रक ड्रायव्हर पळून गेला आणि दुसऱ्या दिवशी मालकासोबत स्वतः ठाण्यात हजर झाला. आमच्या हवालदारानं दवाखान्यात जाऊन मुलीचा जबाब घेतला आणि तो इतर कागदांबरोबर माझ्या टेबलावर ठेवला. मी सही केली. त्या दिवशी गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताची बैठक होती आणि मी अर्धा उभाच होतो.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, विश्रांतवाडीला राहणारे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीतून जबाबाची झेरॉक्स काढून माझ्यासमोर ठेवली.

"साहेब, आपली सही आहे ना ही?"

"हो."

"मग आपण हे वाचलं असेल."

पुण्यात माणूस आवाज न चढवता असं बोलला की समजावं, आता आपलं काही खरं नाही. मी वाचायला घेतलं. 'मी स्कूटर चालवत असताना अचानक ब्रेक मारल्याने मागील वाहन धडकले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा.

"माझी मुलगी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतल्यावर माझे वडील मिलमधून सुटल्यावर पाटी घेऊन बसायचे. आईला त्यांनीच सही शिकवली. शेवटचा अंगठा माझ्या आजीचा. त्यानंतर आमच्यात कोणी अंगठा दिलेला नाही. तो तुम्ही घेतलात."

मी हवालदाराला आत बोलावलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यानं मुळीच आढेवेढे घेतले नाहीत.

"साहेब, ती गुंगीत होती. दोनदा हाका मारल्या. कागद अडून राहिला असता."

"आणि मजकूर?"

"तो नेहमीचाच असतो साहेब. नाव तेवढं बदलायचं."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. पण बोलणार काय? नेहमीच्या मजकुराखाली नेहमीची सही माझीच होती. शिवाय गंभीर दुखापत झालेली असताना जखमीची तक्रार असो वा नसो, गुन्हा दाखल करणं आमचं कामच होतं. आम्ही स्टेशन डायरीत दोन ओळी लिहून मोकळे झालो होतो.

वडिलांना घाई का होती, तेही त्यांनी सांगितलं. नोकरी सहा महिन्यांनी कायम व्हायची होती. पायात सळई, पुढचे कितीतरी महिने अंथरुणावर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा तर चूक ट्रकची होती हे दाखवावं लागणार, आणि पोलिसांच्या कागदात मुलगी स्वतःच चूक कबूल करून बसलेली. समोरच्या वकिलानं तो जबाब एकदा वाचून दाखवला की पुढचं काही ऐकायची गरज नव्हती.

मी त्याच टेबलावर वडिलांची फिर्याद लिहून घेतली. बेदरकारपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला आणि दुपारी स्वतः दवाखान्यात गेलो.

"मी थांबले होते," मुलगी म्हणाली. "डावा पाय खाली टेकवला होता. थांबलेली गाडी ब्रेक कसा मारेल? तुम्हीच सांगा ना सर."

"अंगठा कधी घेतला, आठवतं?"

"नाही. नंतर अंगठा निळा दिसला. मला वाटलं, ऑपरेशनच्या आधी अशी काहीतरी मार्किंग करत असतील."

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला समोर बसवलं. चाळिशीचा, किडकिडीत, दाढी केलेला, लायसन्सची झेरॉक्स खिशात तयार. मालक बाहेर बाकावर बसून होता. तीन वर्षं हाच ट्रक चालवतो, असं ड्रायव्हर म्हणाला. आणि पुढे, "मॅडमनी अचानक ब्रेक मारल्यानं गाडी धडकली." शब्द न् शब्द जबाबातलाच. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागे जातो, मधेच भलतंच काही सांगतो. याचं पाठांतर शाळेतल्या कवितेसारखं होतं. यार्डात कुठला माल उतरवला विचारलं, तर तो दाराकडे, म्हणजे मालकाकडे बघायला लागला.

तेवढ्यात आरटीओचे निरीक्षक आले. अपघातातल्या वाहनाचे ब्रेक, स्टिअरिंग ते तपासतात आणि दाखला देतात. ट्रक ठाण्याच्या आवारातच उभा होता. त्यांनी ड्रायव्हरला गाडी सुरू करायला सांगितलं. तो वर चढला, चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली.

"बॅटरी उतरली असंल साहेब."

"बॅटरी नाही उतरली. ट्रकवाले चोरीच्या भीतीनं बॅटरीचं बटण लपवून बसवतात. तुझं कुठंय? दाब."

तो डॅशबोर्डखाली चाचपडला. सीटखाली हात घातला. दाराच्या खणात बघितलं. आम्ही खालून बघत होतो. मालकाला राहवेना. तो गडबडीनं पुढे आला आणि म्हणाला, "अरे मागं, बारदानाखाली."

मी मालकाकडे वळून म्हणालो, "तीन वर्षं गाडी चालवतोय म्हणे. फार सावकाश शिकतो हो तुमचा माणूस."

मालकाला बाहेर ठेवून मी ड्रायव्हरला पुन्हा आत नेलं. चहा मागवला. हात उगारायची गरज नव्हती. अर्धा कप संपायच्या आत त्यानं मान खाली घातली.

"म्या त्या दिशी गावाला व्हतो साहेब. गाडीवर मालकाचा मेव्हणा व्हता. त्याच्याकडं मोठ्या गाडीचं लायसन न्हाय. मालक म्हनले, नुसतं हुबं ऱ्हायचं, बाकी आमी बघतो."

"पहिल्यांदाच?"

"न्हाय. तिसऱ्यांदा."

तीन अपघात या माणसानं अंगावर घेतले होते आणि एकाही वेळी तो त्या रस्त्यावर नव्हता. मेव्हण्याकडे जड वाहनाचा परवाना नव्हता. हे उघड झालं असतं, तर विमा कंपनीनं हात वर केले असते किंवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल केली असती. ते टाळायला 'बदली' ड्रायव्हर. आमच्या ठाण्यात हा शब्द सगळ्यांना माहीत होता. लायसन्स ठीक, माणूस हजर, कागद पूर्ण. प्रत्येकाची सोय व्हायची. गैरसोय तेवढी मांडीत सळई घातलेल्या मुलीची.

मालक शेवटपर्यंत मला समजावत होता. "साहेब, दवाखान्याचं आम्ही बघतो ना. पोरीला कोर्टात कशाला ओढता?"

"तिला कोणी ओढत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला ओढतोय."

मेव्हण्याला अटक झाली. मालक आणि बदली ड्रायव्हर यांच्यावर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई झाली. हवालदाराबद्दलचा अहवाल मी वरिष्ठांकडे पाठवला आणि सोबत माझा स्वतःचा खुलासाही जोडला. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर कोणाला ते फारसं आवडलंही नाही.

वाचकांना एवढंच सांगतो. मागून ट्रकनं ठोकलं, तर रस्त्यावर तडजोड करू नका. गाडीचा नंबर लिहा, जागेचे फोटो मिळतील तर काढा, कोणी पाहिलं असेल त्याचा पत्ता घ्या. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागा. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, त्यासाठी ट्रकमालकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आणि पोलिसानं पुढे केलेला कागद, मग तो माझ्यासारख्यानं केलेला का असेना, वाचल्याशिवाय सही करू नका. हे सांगताना मला लाज वाटते, कारण मला ते एका मुलीनं शिकवलं.

दाव्यासाठी लागणारे कागद द्यायला मी एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, शेजारी कुबड्या टेकवलेल्या. मुलगी खुर्चीत बसली होती. फिर्याद, पंचनामा, आरटीओचा दाखला, सगळ्याच्या साक्षांकित प्रती तिच्या हातात दिल्या आणि कागद मिळाल्याची पोच पुढे केली. तिनं पोच बाजूला ठेवली आणि एकेक कागद वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून. चहा आला, निवला. वडील माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे झाले. ती थांबली नाही. सगळं झाल्यावर तिनं पोचेवर ठळक सही केली.

"सर, पंचनाम्याच्या शेवटच्या पानावर तुमची सही राहिलीय."

"अरे हो." मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदाकडे हात नेला. तिनं कागद सोडला नाही.

"आधी वाचा ना सर."

"अगं," वडील म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं, चष्मा लावला आणि वाचायला लागलो.